व्होल्टेज आणि करंटवरून काढलेला रोध जुळत नाही, पॉवर भलतीच येते: या क्रमाने तपासा

प्रयोगाच्या टेबलावर मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य म्हणजे "सूत्र बरोबर आहे, भागाकारही दोनदा केला, तरी उत्तर येत नाही." आणि ते खरंच असतं. सूत्र बरोबर असतं, भागाकारही बरोबर असतो. चूक त्याच्या आधी झालेली असते, आकडा वहीत उतरवताना किंवा प्रोब लावताना.

व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. यात एक अट आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षातून जाते: दोन्ही आकडे एकाच वस्तूचे आणि एकाच क्षणाचे हवेत. खालची बरीचशी तपासणी या ना त्या रूपात हीच अट पाळली गेली आहे का ते बघते.

लक्षणं

- रेझिस्टरवर ४७० ओम लिहिलंय आणि उत्तर ०.४७ किंवा ४,७०,००० येतं.
- उत्तर जवळपास बरोबर, पण दर वेळी ५ ते १५ टक्क्यांनी एकाच बाजूला चुकतं.
- करंटचा आकडा डोळ्यांदेखत सरकत राहतो, कुठला घ्यावा कळत नाही.
- करंट शून्यच दाखवतो, मीटर घालण्यासाठी सर्किट तोडलं नाही तर मात्र ते नीट चालतं.
- मीटरच्या ओम रेंजवर एक रोध, गणिताने दुसराच. बल्बच्या बाबतीत तर दहापट फरक.
- मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरची पॉवर लेबलवर लिहिलेल्यापेक्षा बरीच जास्त निघते.
- गणितात सगळं ठीक, पण रेझिस्टर भाजतोय, वास येतोय.

शेवटचं लक्षण दिसलं तर आधी वीज बंद करा, मग पुढे वाचा.

आधी एककं बघा. फुकट आहे आणि बहुतेक वेळा इथेच सापडतं

समजा व्होल्टेज ९.१२ आहे आणि मीटरवर करंट १९.४ दिसतोय. भागाकार केला की ०.४७ येतं. इथे घाबरून रेझिस्टर बदलणारे मी पाहिलेत, एकाने तर एकामागून एक तीन बदलले. मीटर १९.४ अँपिअर दाखवत नव्हता, १९.४ मिलिअँपिअर दाखवत होता. ०.०१९४ ने भागा, ४७० ओम येतात.

सोपी सवय लावून घ्या. व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं तर उत्तर किलोओममध्ये येतं. व्होल्टला मिलिअँपिअरने गुणलं तर मिलिवॉट. म्हणजे वरच्या उदाहरणात ०.४७ हे उत्तर चूक नव्हतंच, ते ०.४७ किलोओम होतं, आणि पॉवर १७७ मिलिवॉट. चूक बरोबर हजारपट असेल तर एकक शोधा. बरोबर दहापट असेल तर दशांश चिन्ह किंवा रंगपट्टी वाचण्यात गडबड झाली असणार.

ऑटोरेंज मीटरवर जास्त सावध राहा. तो स्वतःच मिलि, मायक्रो, किलो, मेगा असा उड्या मारतो, आणि आकड्याच्या बाजूचं बारीक अक्षर बदललेलं आपण बघतच नाही. मिलि आणि मेगा दोन्हींचं अक्षर एकच, एक लहान लिपीत आणि दुसरं मोठ्या. दोघांत फरक मात्र अब्जपटीचा आहे. वहीत आकडा उतरवताना एकक त्याच श्वासात लिहा, नंतर आठवून नको.

पॉवर तीन रीतींनी काढून ती जुळते हे बघून लोक निर्धास्त होतात: व्होल्टेज गुणिले करंट, करंटचा वर्ग गुणिले रोध, व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. रोध तुम्ही त्याच व्होल्टेज-करंटवरून काढला असेल तर तिन्ही उत्तरं जुळणारच, मोजमाप कितीही चुकलेलं असलं तरी. ही पडताळणी तेव्हाच काही सांगते, जेव्हा रोध वेगळ्या मार्गाने माहीत असतो, रंगपट्ट्यांवरून किंवा ओम रेंजवरून.

जाता जाता टॉलरन्सही बघा. शेवटची पट्टी सोनेरी असेल तर पाच टक्के इकडेतिकडे चालतं. ४७० चा रेझिस्टर ४४७ ते ४९३ च्या मध्ये कुठेही असला तरी तो चांगलाच आहे. तिथे चूक शोधत बसू नका.

दोन्ही आकडे त्याच वस्तूचे आहेत का

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, म्हणून जरा थांबून सांगतो.

५ व्होल्टच्या सप्लायवर १५० ओमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी सिरीजमध्ये आहे. करंट मोजला, २० मिलिअँपिअर. आता ५ भागिले ०.०२ केलं की २५० ओम. रेझिस्टर तर १५० चा! ५ व्होल्ट हे पूर्ण साखळीचं व्होल्टेज आहे, त्यातले साधारण २ व्होल्ट एलईडीवर पडतात. रेझिस्टरच्या वाट्याला उरतात ३. त्याला ०.०२ ने भागा, १५०. प्रोब सप्लायच्या टर्मिनलवर न ठेवता रेझिस्टरच्या दोन पायांवर ठेवले असते तर हा गोंधळ झालाच नसता.

पॅरललमध्ये उलट होतं. तिथे व्होल्टेज सगळ्यांना सारखं असतं, पण सप्लायच्या वायरवर मोजलेला करंट सगळ्या फांद्यांचा मिळून असतो. ज्याचा रोध हवा, त्याच्याच फांदीत करंट मोजायचा.

आणि त्याच क्षणाचे?

बॅटरीला काहीच जोडलेलं नसताना ९.२ व्होल्ट मोजले, वहीत लिहिले. मग ४७ ओमचा रेझिस्टर जोडून करंट मोजला, १६६ मिलिअँपिअर. गणित सांगतं ५५ ओम. आता रेझिस्टर जोडलेला असतानाच त्याच्यावरचं व्होल्टेज पुन्हा मोजा. ७.८ दिसेल. ७.८ भागिले ०.१६६ म्हणजे ४७.

गेलेले १.४ व्होल्ट बॅटरीच्या आतच पडले. तिलाही स्वतःचा अंतर्गत रोध असतो, इथे साधारण साडेआठ ओम. पॉवरमध्येही हेच दिसतं: रेझिस्टरमध्ये १.२९ वॉट, बॅटरीच्या आत ०.२३ वॉट, म्हणून बॅटरी हाताला कोमट लागते. बॅटरी जुनी होते तसा हा रोध वाढतो, त्यामुळे काल जुळलेलं गणित आज जुळत नाही.

खुद्द गिओर्ग ओम यांचीही हीच अडचण होती. त्यांचे सुरुवातीचे प्रयोग रासायनिक घटावर होते आणि घटाचं व्होल्टेज मोजता मोजता घसरायचं. मग १८२६ मध्ये त्यांनी घट बाजूला ठेवून बिस्मथ आणि तांब्याचं थर्मोकपल घेतलं, म्हणजे दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं ठरलेली, म्हणून व्होल्टेजही स्थिर. त्यानंतर आकडे नीट बसले आणि १८२७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. स्रोत हलत असेल तर कुणाचंच गणित जुळत नाही, हे मी मुलांना यासाठीच सांगतो.

उपाय साधा आहे. लोड, म्हणजे बॅटरीला जोडलेली वस्तू, चालू ठेवूनच व्होल्टेज मोजा, आणि दोन मीटर असतील तर दोन्ही आकडे एकाच वेळी वाचा. एकच मीटर असेल तर व्होल्टेज, करंट आणि पुन्हा व्होल्टेज असं मोजा. पहिलं आणि तिसरं जुळलं तरच मधला करंट वापरा.

मीटर, वायरी, फ्यूज

करंट शून्य दाखवत असेल तर लाल वायर कुठल्या भोकात आहे ते बघा. व्होल्ट-ओमचं भोक वेगळं, मिलिअँपिअरचं वेगळं, १० अँपिअरचं वेगळं. वायर योग्य भोकात असूनही शून्यच येत असेल तर मीटरचा आतला फ्यूज उडालेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो कसा उडतो तेही सांगतो. आधी करंट मोजला, वायर करंटच्या भोकातच राहिली, मग तेच प्रोब बॅटरीच्या दोन टोकांना लावले. करंट मोजणाऱ्या मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो, म्हणजे तुम्ही बॅटरी शॉर्टच केलीत. करंटचं मोजमाप संपलं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत, बोलणं मग.

फ्यूज बदलताना प्रोब आधी काढून ठेवा, मग झाकण उघडा. फ्यूज त्याच रेटिंगचा आणि त्याच प्रकारचा घाला. तिथे तार गुंडाळलेले मीटर माझ्या हातात आलेत. असा मीटर चुकून मेन्सवर लागला तर हातात फुटू शकतो. तो वापरू नका आणि दुसऱ्यालाही देऊ नका.

मीटरची बॅटरी उतरली असेल तर बरेच स्वस्त मीटर आकडे वाढवून दाखवतात. बॅटरीचं चिन्ह दिसत असताना घेतलेलं कुठलंही मोजमाप खोडून टाका.

उत्तर नेहमी एकाच बाजूला चुकतं: मीटरच सर्किटमध्ये शिरलाय

फ्यूज ठीक, एकक ठीक, तरी सतत दहा टक्के जास्त येतात. इथे मीटरला दोष नाही, तो मोजायला सर्किटचा थोडा हिस्सा घेतो इतकंच.

साध्या साडेतीन अंकी मीटरमध्ये करंटच्या रेंजवर आत एक लहान रोध असतो, आणि पूर्ण रेंजला त्यावर साधारण ०.२ व्होल्ट पडतात. म्हणजे २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर तो १ ओम, २० च्या रेंजवर १० ओम, २ च्या रेंजवर १०० ओम. आता १.५ व्होल्टचा सेल आणि १०० ओमचा रेझिस्टर घ्या. करंट १५ मिलिअँपिअर यायला हवा. २० च्या रेंजवर मोजलात तर एकूण रोध ११० झाला, करंट दिसेल १३.६. सेलचे १.५ व्होल्ट घेऊन भागलंत तर उत्तर ११० ओम. हाच तो दहा टक्के.

पैसा न खर्चता करायची परीक्षा: रेंज एक पायरी वर करा. २०० च्या रेंजवर करंट १४.९ च्या आसपास गेला, म्हणजे चोर सापडला. रेंज बदलली की खरा करंट बदलायचं दुसरं काही कारण नाही.

व्होल्टमीटरचंही असंच, फक्त उलट टोकाला. त्याचा रोध बहुतेक डिजिटल मीटरमध्ये १० मेगाओम असतो. १ मेगाओमच्या रेझिस्टरवर तो लावला की दोघांचा मिळून ०.९१ मेगाओम होतो, म्हणजे उत्तर नऊ टक्के कमी. म्हणून रोध लहान असेल तर व्होल्टमीटर थेट रेझिस्टरच्या पायांवर लावा. रोध फार मोठा असेल तर तो करंट-मीटर आणि रेझिस्टर दोघांच्या मिळून टोकांवर लावा. मधल्या किमतींना, म्हणजे काहीशे ओम ते काही दहा किलोओम, साधारण कसंही लावलं तरी चालतं.

एका ओमपेक्षा लहान रोध मोजताना वायरीच आड येतात. प्रोबची टोकं एकमेकांना टेकवून ओम रेंजवर बघा, ०.२ ते ०.५ दिसेल. अर्ध्या ओमचा रोध मोजताना ही चूक परवडत नाही. तिथे व्होल्टेज-करंटची रीतच चांगली: रेझिस्टरमधून एक अँपिअर सोडा आणि करंटच्या क्लिपांच्या आत, थेट पायांवर व्होल्टेज मोजा. ०.५ व्होल्ट म्हणजे ०.५ ओम, वायरी कितीही लांब असोत.

आकडा सरकतो, किंवा ओम रेंजशी जुळत नाही: ती वस्तू तशीच आहे

२३० व्होल्टचा ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंट बल्ब घ्या. बाहेर काढून, थंड असताना ओम रेंजवर मोजा. ६५ ओमच्या आसपास दिसेल. आता २३० चा वर्ग भागिले ६५ करा, ८१४ वॉट! बल्ब तर ६० चा. दोन्ही आकडे खरे आहेत. टंगस्टनची तार पेटल्यावर इतकी तापते की रोध तेरा-चौदापट होतो. पेटलेल्या अवस्थेत तो २३० चा वर्ग भागिले ६०, म्हणजे ८८२ ओम असतो. मीटरने थंड बल्ब मोजला आणि गणित पेटलेल्या बल्बचं केलं. पुन्हा तीच अट मोडली, क्षण वेगळे.

तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. मोटरची वाइंडिंग २० अंशांवरून ७० वर गेली की १० ओमचे जवळपास १२ होतात. आकडा सरकत असेल तर स्थिर होईपर्यंत थांबा आणि वहीत 'थंड' की 'गरम' ते लिहा.

एलईडी आणि डायोड यांना एक ठरलेला रोधच नसतो. २ व्होल्टला २० मिलिअँपिअर म्हणजे १०० ओम, आणि तोच एलईडी १.८५ व्होल्टला ५ मिलिअँपिअर घेत असेल तर ३७० ओम. यातला कुठलाही आकडा पुढच्या गणितात वापरू नका. पॉवर मात्र बिनधास्त काढा. डीसीवर व्होल्टेज गुणिले करंट हे प्रत्येक वस्तूला लागू आहे, तिचा रोध ठरलेला असो वा नसो.

रेझिस्टर भाजतोय

१०० ओमचा पाव वॉटचा रेझिस्टर १२ व्होल्टवर लावला की त्यात १.४४ वॉट जातात. आधी रंग काळवंडतो, मग धूर. रोध काढून लोक थांबतात, पॉवर काढतच नाहीत, म्हणून हे होतं. निघालेल्या पॉवरच्या किमान दुप्पट रेटिंगचा रेझिस्टर घ्या, इथे ३ वॉटचा. आणि व्होल्टेज दुप्पट केलं तर पॉवर चौपट होते, हे सप्लायची घुंडी फिरवण्याआधी आठवा. एकदा भाजलेला रेझिस्टर परत वापरू नका, त्याची किंमत बदललेली असते.

एसीवर पॉवर जास्त येते

हीटर, इस्त्री यांना वरचं गणित तसंच चालतं. व्होल्टेज २३० वरून २०७ वर आलं, म्हणजे दहा टक्के घटलं, तर १००० वॉटचा हीटर ८१० वरच चालतो. 'हीटर बिघडला' म्हणून उघडण्याआधी सॉकेटचं व्होल्टेज बघण्याचं कारण हेच.

मोटरचं वेगळं. २३० व्होल्ट, ०.५ अँपिअर म्हणून ११५ वॉट म्हणू नका, ते ११५ व्होल्टअँपिअर आहेत. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खरी पॉवर म्हणून वापरला जाणारा हिस्सा, ०.६५ असेल तर खरी पॉवर ७५ वॉट. शिवाय पंपासारख्या मोटरच्या पाटीवर बहुधा शाफ्टवर मिळणारी पॉवर लिहिलेली असते, आत जाणारी त्याहून जास्त असणारच. डिमर किंवा चार्जरसारख्या उपकरणांत करंटची लाट वेडीवाकडी असते, तिथे साधा मीटर चुकतो, ट्रू आरएमएस, म्हणजे कुठल्याही आकाराच्या लाटेचं खरं प्रभावी मूल्य मोजणारा मीटर लागतो. क्लॅम्पमीटर (वायर न तोडता तिच्याभोवती चिमट्यासारखा लावायचा करंट-मीटर) शून्य दाखवत असेल तर तो दोन्ही वायरींभोवती मिळून लावलाय. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. एकाच वायरीभोवती लावायला हवा.

घरात पॉवरच हवी असेल तर सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर घ्या. मेन्सची वायर कापून मल्टिमीटर सिरीजमध्ये घालायचं काम करू नका. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्ट असतं, आणि मोजमापाची हौस तिथे थांबलेली बरी.

इथे थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा

प्लग, सॉकेट किंवा स्विच तापत असेल, प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालं असेल. यामागचं गणित आपलंच आहे: ढिल्या जोडणीत फक्त ०.२ ओम रोध असेल आणि १० अँपिअर वाहत असतील तर करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे २० वॉट, त्या एका बिंदूवर. लहान सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता भिंतीच्या आत. मोजत बसू नका, मेन स्विच बंद करा.

उपकरणाच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, ब्रेकर किंवा गळती ओळखणारा स्विच पुन्हा पुन्हा पडत असेल, काम वितरण पेटीत किंवा थ्री फेजवर असेल, तरीही हात घालू नका. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि पॉवर सप्लाय उघडू नका, प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर जीव घेण्याइतका भरलेला राहू शकतो.

इलेक्ट्रिशियन आला की वहीचं पान त्याला द्या: कुठल्या दोन बिंदूंवर किती व्होल्ट, त्या वेळी काय काय चालू होतं, करंट किती, किती मिनिटांनंतर, वस्तू थंड होती की गरम. एवढं लिहिलेलं असेल तर निम्मा शोध त्याला पुन्हा करावा लागत नाही.